पहिली रेटिंग स्पर्धा आणि एकच ओपनिंग: इटालियन मुळापासून

पहिल्या राऊंडला पंच 'घड्याळं सुरू करा' म्हणतात आणि हॉलभर बटणांची टकटक सुरू होते. पहिल्यांदा खेळायला बसलेल्याचा हात त्या आवाजानेच घाईत येतो. शेजारच्या पटावर चाली पडत असतात, समोरचा कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो, आणि आपण मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव खेळतो त्या वेगाने सहा चाली करून मोकळे होतो. सातव्या चालीला कळतं की उंट फुकट गेला. घड्याळाकडे बघावं तर तिथे सुरुवातीपेक्षाही जास्त वेळ दिसतो, कारण प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढून मिळालेले असतात. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की नव्या खेळाडूला पहिल्या स्पर्धेसाठी तयार करताना मी याच दहा मिनिटांपासून सुरुवात करतो.

शनिवार-रविवारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, अलीकडे चाळिशी-पन्नाशीतली माणसंही येतात. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून चौकशी करणाऱ्यांत मुलींचे पालक जास्त असतात. जवळपास प्रत्येक जण विचारतो, 'किती ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या ठरलेल्या मांडण्या, शिकवणार?' एकच, हे माझं उत्तर. पहिल्या स्पर्धेसाठी पांढऱ्या सोंगट्यांनी इटालियन शिकायचं आणि तेही पाठ करायचं नाही. प्रत्येक चाल का करतो, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. दहा चाली पाठ असलेला खेळाडू समोरच्याने तिसऱ्याच चालीला वाट बदलली की उघडा पडतो. कारण माहीत असलेला खेळाडू अशा वेळी थांबून विचार करतो.

पायरी पहिली: घरचे नियम घरी ठेवा

आपल्याकडे अजून कितीतरी घरांत आणि पारांवर देशी बुद्धिबळ खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते, समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी होते. आजोबांकडून आलेला हा खेळ सोडू नका, त्यात मजा आहे. स्पर्धेत मात्र फिडे या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम चालतात. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, राजाची उडी नाही पण किल्लेकोट आहे, आणि एकटा राजा उरला तरी मात होईपर्यंत डाव चालू राहतो. दोन घरं उडी मारून आपल्या प्याद्याच्या शेजारी येऊन बसलेलं प्यादं आपल्या प्याद्याने तिरपं मारता येतं, तेही लगेच पुढच्याच चालीला. याला आँ पासाँ म्हणतात. हा नियम माहीत नसल्यामुळे 'समोरच्याने चुकीची चाल केली' म्हणून पंचांना बोलावणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात.

सगळ्यात जास्त रडू ज्याच्यामुळे येतं तो नियम हात लावण्याचा. आपली पाळी असताना आपल्या सोंगटीला मुद्दाम हात लावला की तीच हलवावी लागते. समोरच्याच्या सोंगटीला लावला तर ती मारता येत असेल तर मारावीच लागते. सोंगटी घरात नीट मधोमध ठेवायची असेल तर आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणा, मग हात लावा. क्रम उलटा झाला तर ऐकून घेतलं जात नाही.

किल्लेकोट करताना राजा आधी उचला, दोन घरं सरकवा, मग त्याच हाताने हत्ती पलीकडे आणा. घरी बरेच जण आधी हत्ती उचलतात. स्पर्धेत तसं केलं की हत्तीला हात लागला म्हणून हत्तीच हलवावा लागतो, त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला करता येत नाही. काही मुलं दोन्ही हातांनी राजा आणि हत्ती एकदम सरकवतात, तेही चालत नाही. चाल एकाच हाताने करायची आणि घड्याळाचं बटणही त्याच हाताने दाबायचं. घरच्या पटावर हे वीस वेळा करून बघा. हाताला सवय लागली की डोकं मोकळं राहतं.

नियमाबाहेरची चाल करून बटण दाबलं, उदाहरणार्थ राजा शहात असताना दुसरंच काही हलवलं, तर पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात. दुसऱ्यांदा तसं झालं की डाव जातो. प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर हत्ती उलटा ठेवून 'हा वजीर' म्हणण्याची घरची पद्धतही इथे चालत नाही, उलटा ठेवलेला हत्ती हत्तीच धरतात. जादा वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवा आणि पंचांकडे मागा.

मोबाईल हॉलच्या बाहेर, घरच्या माणसाकडे. खिशात सापडला तर डाव जातो. एवढ्याशा कारणाने जिंकत आलेला डाव गमावलेला मुलगा मी पाहिला आहे, आणि त्याला समजावताना माझ्याकडे शब्द नव्हते.

पायरी दुसरी: चाल करा, मग लिहा

मोठ्या वेळेच्या डावात दोघांच्याही सगळ्या चाली कागदावर लिहाव्या लागतात. त्या कागदाला सगळे स्कोअरशीट म्हणतात. पट असा ठेवा की उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर येईल. पांढऱ्या बाजूने बघितलं की उभ्या रांगा डावीकडून ए ते एच आणि आडव्या रांगा आपल्यापासून १ ते ८. पांढऱ्या राजासमोरचं प्यादं दोन घरं गेलं की ई४. राजाच्या बाजूचा घोडा निघाला की घोडा एफ३. छोट्या बाजूचा किल्लेकोट ०-०, मोठ्या बाजूचा ०-०-०. प्याद्याला अक्षर लागत नाही, नुसतं घर लिहायचं.

मुलांना मी इंग्रजी अक्षरं शिकवतो, कारण समोरच्यालाही ती वाचता येतात. पण आपल्या देशात रूढ असलेल्या नावाचं अक्षर वापरायला फिडेच्या नियमांत मुभा आहे. रा, व, ह, उ, घ असं लिहिलं तरी ते नियमाला धरून आहे. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ असंच लिहितात. इंग्रजीत लिहिताना त्यांचा घोडा आणि राजा यांत गोंधळ व्हायचा, कारण इंग्रजीत राजाने 'के' आधीच घेतल्यामुळे घोड्याच्या वाट्याला 'एन' येतं. मराठीत लिहायला लागल्यापासून त्यांच्या स्कोअरशीटवर खाडाखोड नसते.

चाल आधी लिहून मग खेळायची नाही. आधी चाल, मग बटण, मग लेखणी. नव्वद मिनिटं अधिक तीस सेकंद अशा डावात शेवटपर्यंत लिहावंच लागतं.

पायरी तिसरी: इटालियन, एकेक चाल धरून

या ओपनिंगचा अभ्यास सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या खेळाडूंनी केला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेको या इटालियन खेळाडूने आपल्या हस्तलिखितांत त्याचे डाव उतरवले. त्याच्या मुख्य शाखेला इटालियनमध्ये जुओको पियानो, म्हणजे शांत खेळ, असं नाव आहे. चारशे वर्षांनंतर आजचे ग्रँडमास्टरही ते खेळतात. म्हणजे नवख्यासाठी सोपं करून दिलेलं हे काही बाळबोध प्रकरण नाही. आज शिकलात तर वीस वर्षांनीही उपयोगी पडेल.

पट मांडा आणि वाचता वाचता चाली करत चला.

पहिली चाल, ई४. प्यादं मधलं घर धरतं आणि वजीर व उंट या दोघांची वाट मोकळी होते. एका चालीत इतकं काम दुसरं कुठलंच प्यादं करत नाही. काळा उत्तर देतो, ई५.

दुसरी चाल, घोडा एफ३. घोडा बाहेर आला आणि त्याने ई५ वरच्या प्याद्यावर नजरही ठेवली. काळ्याला आता ते प्यादं राखावं लागतं, म्हणून घोडा सी६. आपल्या चालीने समोरच्याला काही करायला लावलं की आपला वेळ वाया जात नाही, हे इथेच मुलांच्या लक्षात आणून देतो.

तिसरी चाल, उंट सी४. इथे थांबा आणि काळ्याच्या एफ७ या घराकडे बघा. त्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कोणीही राखत नाही. बाकी प्रत्येक प्याद्यामागे घोडा, उंट, हत्ती किंवा वजीर आहे, या एकाच्या मागे फक्त राजा. आपला उंट सी४ वरून तिरपा थेट तिथेच बघतो. आपल्याकडे तसंच घर एफ२ आहे, आणि काळा उंट सी५ खेळतो तेव्हा तोही नेमका त्याच घराकडे बघतो. इटालियन ओपनिंगमधल्या निम्म्या युक्त्या या दोन घरांभोवती फिरतात.

चौथी चाल, सी३. प्यादं एकच घर सरकतं, म्हणून नवख्याला ही चाल मिळमिळीत वाटते. तिचं पहिलं काम म्हणजे पुढे कधीतरी डी४ ढकललं आणि काळ्याने मारलं, तर सीवरच्या प्याद्याने परत मारून मध्यात दोन प्यादी शेजारी शेजारी उभी करता यावीत. दुसरं काम उंटाचं. पुढे उंट बी३ वर नेल्यावर काळ्याचा घोडा ए५ वर येऊन त्याच्यावर हल्ला करतो, तेव्हा उंटाला मागे सरकायला सी२ घर मोकळं असतं. सी३ नसेल तर काळ्याच्या घोड्याच्या बदल्यात आपला चांगला उंट सहज जातो. काळा खेळतो घोडा एफ६ आणि आपल्या ई४ वर हल्ला करतो.

पाचवी चाल, डी३. ई४ राखलं. इथे लगेच डी४ ढकलण्याची जुनी, झटापटीची वाट आहे. त्यात काळा प्यादं मारून उंट बी४ वर आणून शह देतो आणि डाव एकदम धारदार होतो. ग्रेकोच्या काळापासून ती वाट तुडवली गेली आहे आणि तिचं सौंदर्य मी नाकारत नाही, पण ती वर्षभराने शिका. पहिल्या स्पर्धेत डी३.

काळा डी६ खेळतो. सहावी चाल, दोघांचाही छोटा किल्लेकोट.

आता सातवी चाल, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. हत्ती ई१ वर आणावासा वाटतो आणि तो तिथे जायचाच आहे. पण आत्ताच गेला तर एफ२ पुन्हा एकट्या राजाच्या भरवशावर राहतं. काळा लगेच घोडा जी४ खेळतो आणि उंट व घोडा दोघंही एफ२ वर टपून बसतात. घाबरण्यासारखं नाही, हत्ती ई२ वर आणून राखता येतं. काळ्याने तरी घोड्याने एफ२ मारलं, आपण हत्तीने घोडा मारला, त्याने उंटाने हत्ती मारला आणि राजाने उंट मारला, तर हिशेब करा. प्यादं १, घोडा आणि उंट ३-३, हत्ती ५. आपले सहा गेले, त्याचेही सहा गेले. कागदावर बरोबरी, पण डावाच्या या टप्प्यावर दोन सोंगट्या हत्ती-प्याद्यापेक्षा जास्त कामाच्या असतात, कारण हत्तींना अजून मोकळ्या रांगाच मिळालेल्या नाहीत. हा सौदा लक्षात ठेवा. काळ्या सोंगट्या घ्याल तेव्हा समोरचा हाच सौदा तुमच्या एफ७ वर करायला येईल.

एवढी कटकट नको असेल तर सातवी चाल एच३ खेळा. घोडा आणि उंट दोघांनाही जी४ बंद. पण ही चाल काळ्याने किल्लेकोट केल्यावरच. त्याचा राजा अजून मध्यात असेल तर तो स्वतःचं जी रांगेतलं प्यादं पुढे रेटून एच३ वरच डोकं आपटेल आणि आपल्या राजासमोरची भिंत फोडेल.

यानंतरच्या चाली क्रमाने पाठ करायच्या नाहीत, त्यांचा हेतू धरायचा. हत्ती ई१. उंट बी३, म्हणजे घोडा ए५ आला तरी सी२ वर जाता येतं. मग बी१ वरच्या घोड्याची वारी: डी२, तिथून एफ१, तिथून जी३. हत्ती आधी ई१ वर का नेला, हे इथे उमगतं. तो एफ१ वरून उठल्याशिवाय घोड्याला तिथे जागाच नाही. डी२ वर घोडा असताना सी१ चा उंट कोंडलेला दिसतो, पण घोडा पुढे सरकला की उंटाची तिरपी वाट आपोआप मोकळी होते. जी३ वरचा घोडा एफ५ वर डोळा ठेवतो, आणि सगळ्या सोंगट्या जागेवर आल्यावर डी४ ढकलायची वेळ येते.

तिसऱ्या चालीला काळ्याने उंटाऐवजी घोडा एफ६ खेळला तर? घोडा जी५ खेळून एफ७ वर तुटून पडायची सगळ्यांनाच घाई असते. नीट माहिती असलेला काळा डी५ ढकलून, एक प्यादं देऊन, जोरदार खेळ मिळवतो. तुम्ही डी३ खेळा. पुढची मांडणी बहुतेक तीच राहते.

पायरी चौथी: एका मुलीचा डाव

गेल्या वर्षी माझ्याकडची एक दहा वर्षांची मुलगी पहिल्या स्पर्धेच्या दुसऱ्या राऊंडला पांढऱ्याने बसली होती. ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४. समोरच्या मुलाने घोडा उचलला आणि डी४ वर ठेवला. ई५ चं प्यादं उघडं पडलं. तिने हात पुढे केला, तो प्याद्याच्या वर क्षणभर थांबला आणि घोड्याने ई५ मारलं. चालीला दहा सेकंदही लागले नसतील.

मुलाने वजीर जी५ वर आणला. वजिराचा मारा आता ई५ वरच्या घोड्यावरही होता आणि जी२ च्या प्याद्यावरही. तिने एफ७ मारलं, कारण तिथून वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम मारा होतो. वजिराने जी२ मारलं, हत्तीवर मारा. हत्ती एफ१ वर सरकला. वजिराने ई४ मारून शह दिला. उंट ई२ वर मध्ये आला. घोडा एफ३ वर, मात. उंटाला तो घोडा मारता येत नाही, कारण उंट हलला तर राजा वजिराच्या माऱ्यात येतो. राजाभोवतीची घरं त्याच्याच सोंगट्यांनी भरलेली. आठ चालींच्या आत डाव संपला आणि तिच्या घड्याळात दीड तासापेक्षा जास्त वेळ शिल्लक होता.

हा सापळा जुना आहे आणि शाळकरी मुलांत फार चालतो. त्याचं उत्तर सोपं आहे: डी४ वरचा घोडा आपल्या घोड्याने मारा, काळा प्याद्याने परत मारेल, मग किल्लेकोट करा. काळ्याचं एक प्यादं दुसऱ्यामागे अडकलेलं राहतं आणि आपण सोंगट्या बाहेर काढण्यात पुढे असतो. पण मी तिला उत्तर आधी सांगितलं नाही. पट मांडून विचारलं, 'त्याने प्यादं फुकट का दिलं असेल?' ती दोन-तीन मिनिटं बघत बसली आणि वजिराची चाल तिनेच शोधली. तो प्रश्न तिने त्या दिवशी स्कोअरशीटच्या मागे लिहून घेतला. ओपनिंगमध्ये फुकट काही दिसलं की हात मांडीखाली घ्या आणि हाच प्रश्न विचारा.

पायरी पाचवी: काळ्या सोंगट्या आल्या तर

निम्मे डाव काळ्याने खेळायचे आहेत. ई४ ला ई५ उत्तर द्या म्हणजे एकच अभ्यास दोन्हीकडे उपयोगी पडतो. समोरच्याने इटालियन खेळलं तर तिसऱ्या चालीला उंट सी५. घोडा एफ६ पेक्षा हे नवख्यासाठी बरं, कारण आता पांढऱ्याचा घोडा लगेच जी५ वर आला तर आपला वजीर तो फुकट मारतो. नंतर आपला घोडा एफ६ वर आल्यावर त्याने घोडा जी५ केलाच तर शांतपणे किल्लेकोट करा. त्याने एफ७ वर घोडा आणि उंट देऊन हत्ती व प्यादं घेतलं तर वरचा सौदा आठवा. या वेळी तो आपल्या फायद्याचा आहे.

चौथ्या चालीला बी४ ढकलून प्यादं देऊ करतात तो इव्हान्स गॅम्बिट. एकोणिसाव्या शतकात तो फार गाजला, आणि १९९५ मध्ये रिगाला कास्पारोव्हने आनंदविरुद्ध तोच बाहेर काढून पंचवीस चालींत डाव जिंकला. आनंदसारख्याला जड गेलेली वाट पहिल्या स्पर्धेत तुडवू नका. प्यादं न मारता उंट बी६ वर घ्या, ए४ आलं तर ए६ खेळून उंटाला जागा करा.

लहान गटात दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर घेऊन येणारे भेटतील. घोडा सी६ खेळून ई५ राखा. मग उंट सी४ आला की एफ७ वर मातेची धमकी आहे, तेव्हा जी६ खेळून वजिराला हुसकवा. तो एफ३ वर गेला की पुन्हा तीच धमकी, घोडा एफ६ ने वाट अडवा. क्रम चुकवू नका. घोड्याआधी जी६ खेळलात तर वजीर ई५ मारून शह देतो आणि एच८ चा हत्ती जातो.

डी४ ने सुरुवात झाली तर डी५, ई६, घोडा एफ६, उंट ई७, किल्लेकोट एवढं पुरे. आणि पांढऱ्याने खेळताना ई४ ला ई५ आलं नाही तर: ई६ किंवा सी६ आलं की डी४ खेळा, काळा डी५ खेळेल, ते प्यादं मारून पट मोकळा करा. डी५ लगेच आलं तर मारा आणि वजिराने परत मारल्यावर घोडा सी३ ने त्याला हाकला. सी५ आलं तर घोडा एफ३, डी३, उंट ई२, किल्लेकोट अशी साधी मांडणी करा. त्यात फायदा फारसा नाही, पण फसगतही नाही.

पायरी सहावी: घड्याळ

नव्वद मिनिटं अधिक प्रत्येक चालीला तीस सेकंद, म्हणजे साठ चालींचा डाव झाला तर प्रत्येकाला दोन तास. हा वेळ वापरायला मिळतो म्हणून तर आपण स्पर्धेला जातो. माझी सूचना अशी असते की पहिल्या दहा चालींना मिळून निदान दहा मिनिटं लागली पाहिजेत, चाली माहीत असल्या तरी. स्कोअरशीटवर पाचवी, दहावी आणि पंधरावी चाल लिहिताना शेजारी घड्याळातला वेळ लिहा. घरी आल्यावर कळतं की कुठे पळालात.

प्रत्येक चालीआधी विचारा: समोरच्याने आत्ताच केलेल्या चालीने काय बदललं? कुठलं घर राखायचं सोडलं, कुठल्या घरावर नवा मारा आला? हे झाल्यावरच आपल्या बेताकडे वळा. घरी सराव करताना पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंद असे डाव खेळा. तीन मिनिटांचे डाव स्पर्धेआधीच्या आठवड्यात पूर्ण बंद.

पायरी सातवी: स्पर्धेचा दिवस

स्पर्धेचं प्रॉस्पेक्टस शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नोंदणीची अट, किती मिनिटं उशीर चालतो, बाय, म्हणजे एखादा राऊंड न खेळण्याची सवलत, कधी मागता येतो, सगळं त्यातच असतं. पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची यादी, बहुतेक ठिकाणी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागते, पण हॉलबाहेरचा कागदही बघा आणि बोर्ड नंबर, रंग, समोरच्याचं नाव तिन्ही ताडून घ्या. चुकीच्या पटावर बसलेली दोन मुलं अर्धा डाव खेळल्यावर सापडल्याचं उदाहरण आहे. स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीची असते: जिंकलात तर पुढच्या राऊंडला तेवढेच गुण असलेला, म्हणजे आणखी कसलेला खेळाडू मिळतो. हरलात तरी कोणी बाहेर काढत नाही, सगळे राऊंड खेळायला मिळतात.

बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आधी चाल करा, मग 'ड्रॉ?' म्हणा, मग बटण दाबा. समोरच्याने विचारलं आणि डाव तुमच्या बाजूने झुकलेला वाटत असेल तर तो वयाने आणि रेटिंगने कितीही मोठा असला तरी खेळत राहा. काही शंका आली, समोरचा बोलून त्रास देत असला, घड्याळ बिघडलं, तर त्याच्याशी वाद न घालता घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. हात वर करायला लहान मुलं लाजतात, म्हणून घरी त्याचीही तालीम घ्या.

रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा फिडेचा आकडा, पहिल्याच स्पर्धेत येईल असं धरून चालू नका. त्यासाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध निदान पाच डाव मोजले जावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून यादीत येण्यासाठी किमान आकडा १४०० आहे.

डाव संपल्यावर

निकाल दोघांच्याही स्कोअरशीटवर लिहून दोघांनी सही करा आणि सही करण्याआधी निकाल नीट वाचा. राजे मधल्या घरांत ठेवा, सोंगट्या पुन्हा मांडा, हात मिळवा. मग हॉलबाहेर, जिन्यात किंवा चहाच्या टपरीपाशी, समोरच्याला विचारा, 'डाव बघायचा का?' आपल्याकडे याला क्वचितच कोणी नाही म्हणतं. नाशिकचा असो की कोल्हापूरचा, जिंकलेला असो की हरलेला, तो खिशातला छोटा पट काढतो आणि तुम्ही दोघं पहिल्या चालीपासून सुरुवात करता. सातव्या चालीशी थांबा. तुम्ही एच३ खेळलात तेव्हा तो काय बघत होता, ते त्याच्याच तोंडून ऐका आणि स्कोअरशीटच्या मागे लिहून घ्या. पुढच्या राऊंडची पेअरिंग लागायला अजून अर्धा तास असतो.